सरकारी दवाखान्यात कुठली लस फुकट मिळणार हे नेमकं ठरवतं कोण? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लसीकरणाबद्दल आई-बाबांशी, आशाताईंशी, नर्सताईंशी बोलताना तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळे एकत्र लिहून काढलेत. कुठली लस चांगली कुठली वाईट याबद्दल हे नाही. दिल्लीतल्या एका कमिटीत झालेला निर्णय आपल्या बाळाच्या दंडापर्यंत कसा पोचतो आणि मध्ये कुठे कुठे अडकतो त्याबद्दल आहे.

प्रायव्हेट डॉक्टर एक लस घ्यायला सांगतात आणि सरकारी दवाखान्यात म्हणतात आमच्याकडे ती नाही. खरं कुणाचं?

दोघांचंही खरं. आपल्याकडे एखादी लस बाजारात विकायला परवानगी मिळणं वेगळं आणि तीच लस सरकारी कार्यक्रमात फुकट मिळणं वेगळं. परवानगी देतात औषध महानियंत्रक, म्हणजे डीसीजीआय. ते बघतात की लस सुरक्षित आहे का, काम करते का, नीट बनवली आहे का. त्यांनी हो म्हटलं की लस मेडिकलमध्ये आणि प्रायव्हेट क्लिनिकमध्ये येते, ज्याला परवडते तो घेतो. ती देशातल्या प्रत्येक बाळाला सरकारी पैशातून द्यायची का, हा त्याच्या पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एक सल्लागार गट देतो. या दोन टप्प्यांच्या मधे किती वर्षं जातात यावरच ठरतं की ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांची मुलं किती वर्षं त्या लसीशिवाय राहणार. पूर्ण पानभर मी जे लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

हा सल्लागार गट कुठला?

राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट. सगळे एनटागी म्हणतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००१ मध्ये स्थापन केला. त्याच्या हाताखाली एक स्थायी तांत्रिक उपसमिती आहे, ती २०१३ पासून, आणि खरा बारकाईने अभ्यास तिथे होतो. एखाद्या लसीपुरता किंवा आजारापुरता वेगळा कार्यगटही नेमतात. बालरोगतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ, विषाणूशास्त्रज्ञ असे स्वतंत्र लोक असतात, डॉक्टरांच्या संघटनांचे प्रतिनिधी असतात.

अध्यक्ष मात्र केंद्रीय आरोग्य सचिव असतात, आणि सहअध्यक्ष म्हणून जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि आरोग्य संशोधन विभागाचे सचिव. म्हणजे ज्या मंत्रालयाला सल्ला द्यायचा त्याच मंत्रालयाचे सचिव सल्ला देणाऱ्यांच्या खुर्चीवर. याचा एक फायदा आहे, निर्णय झाला की तो अंमलात आणणारा माणूस त्याच खोलीत बसलेला असतो. पण सरकारला न आवडणारी गोष्ट तिथे किती मोकळेपणाने बोलली जात असेल हा प्रश्न मला सतावतो, आणि तो विचारायचा आपल्याला हक्क आहे असं मला वाटतं.

कमिटी नक्की बघते काय? लस चांगली आहे हे कळलं की झालं ना?

नाही ना. लस चांगली आहे हे तर परवानगीच्या वेळीच कळलेलं असतं. इथे प्रश्न असे की तो आजार आपल्या देशात किती आहे, किती मुलं त्याने दगावतात किंवा ॲडमिट होतात, लस आपल्या मुलांमध्ये किती काम करते (दुसऱ्या देशातल्या नाही), दुष्परिणाम कितपत, किंमत किती, दरवर्षी अडीच कोटीच्या आसपास बाळं जन्माला येतात त्या सगळ्यांना पुरेल इतकी लस कुणी बनवू शकतं का, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमध्ये जागा आहे का. हो, फ्रीजमधली जागा हासुद्धा मोठा मुद्दा असतो.

रोटाव्हायरसचं उदाहरण बघा. लहान बाळांना जी जोरदार जुलाबाची लागण होते, पाणी आटून बाळ मलूल होतं, त्यातली बरीचशी या विषाणूमुळे. भारत बायोटेकच्या रोटाव्हॅक लसीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे सुमारे ६,८०० बाळांवर झाली. गंभीर रोटाव्हायरस जुलाबापासून पहिल्या वर्षात साधारण ५६ टक्के संरक्षण मिळालं. ५६ टक्के ऐकून लोक म्हणतात अरे हे तर निम्मंच, पण ज्या आजाराने देशात दरवर्षी हजारो बाळं जातात आणि त्याहून कितीतरी जास्त ॲडमिट होतात तिथे निम्म्याहून जास्त गंभीर केसेस टळणं म्हणजे किती घरं वाचली याचा विचार करा. कमिटीला हाच हिशोब करायचा असतो, एका बाळाचा नाही तर सगळ्यांचा.

सुरक्षेचा मुद्दाही होता. अमेरिकेत पूर्वी रोटाशील्ड नावाची रोटाव्हायरसची लस होती, ती आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकण्याचा दुर्मिळ पण गंभीर त्रास दिसल्यामुळे १९९९ मध्ये मागे घ्यावी लागली. त्यामुळे आपल्याकडे लस सुरू झाल्यावर मोठ्या हॉस्पिटलांमध्ये मुद्दाम लक्ष ठेवलं गेलं, आणि रोटाव्हॅकमुळे तो धोका वाढल्याचं दिसलं नाही. लायसन्स २०१४ मध्ये, चार राज्यांत सुरुवात मार्च २०१६ मध्ये (आंध्र, हरियाणा, हिमाचल, ओडिशा), आणि महाराष्ट्राच्या सरकारी कार्यक्रमात रोटाव्हायरसची लस आली २०१९ मध्ये. पुण्यातल्या बाळांनी चाचणीत भाग घेतला आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्यात रोटाव्हायरसची लस यायला मधे इतकी वर्षं गेली.

कमिटीने शिफारस केली म्हणजे सरकारला ती द्यावीच लागते का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. एनटागीचा सल्ला हा सल्लाच आहे, कायद्याने बंधनकारक नाही. शिफारसीनंतर मंत्रालयाचा निर्णय, राष्ट्रीय आरोग्य अभियानातली मंजुरी, पैशाची तरतूद, टेंडर, पुरवठा, नर्सताईंचं ट्रेनिंग, नवीन कार्ड छापणं, असं सगळं असतं, आणि यातली कुठलीही एक गोष्ट अडली की लस अडली.

न्यूमोनियाची लस, पीसीव्ही, याचं उदाहरण. ही प्रायव्हेटमध्ये आपल्याकडे कितीतरी आधीपासून मिळत होती, एका डोसला काही हजार रुपये, तीन-चार डोस, म्हणजे ज्या घरात महिन्याचा पगारच तेवढा तिथे विषयच संपला. सरकारी कार्यक्रमात मे २०१७ मध्ये हिमाचल आणि उत्तर प्रदेश, बिहारच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर मध्य प्रदेश आणि राजस्थान. अडचण मुख्यतः किमतीची आणि पुरवठ्याची. मग डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल आली, गरीब देशांसाठी डोसला साधारण दोन डॉलरच्या आसपास, आणि २०२१ मध्ये ती महाराष्ट्रासह देशभर सुरू झाली. तेव्हा स्वस्त लस बनवणारं कुणी असणं हे शिफारसीइतकंच महत्त्वाचं ठरलं. आज कार्डवर सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्याला पीसीव्ही लिहिलेली दिसते ती या सगळ्या प्रवासानंतर.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस इतकी वर्षं का रखडली?

याचं उत्तर लांब आहे पण पूर्ण वाचा, कारण कमिटी, सरकार, कंपन्या, संसद, लोकांचा विश्वास सगळं यात एकत्र येतं.

हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, म्हणून या लसीला एचपीव्ही लस म्हणतात. तिला भारतात परवानगी २००८ मध्ये मिळाली. २००९ मध्ये पाथ नावाच्या संस्थेने आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्य सरकारांबरोबर खम्मम (तेव्हा आंध्र, आता तेलंगणा) आणि वडोदरा इथे वीस हजारांहून जास्त शाळकरी मुलींना लस दिली. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळं थांबवलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमतीच्या बाबतीत जे बाहेर आलं ते वाईट होतं, कितीतरी फॉर्मवर आई-वडिलांच्या ऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या, म्हणजे ज्या आदिवासी आणि गरीब घरच्या मुलींना लस दिली त्यांच्या घरच्यांना नीट विचारलंच नव्हतं. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर फार कडक शब्दांत लिहिलं आणि चौकशी करणाऱ्यांच्या हितसंबंधांवरही बोट ठेवलं.

हे ज्यांच्याबाबत झालं त्यांचा राग रास्त होता आणि आहे. पण झालं काय की संमतीतल्या चुकीचं ओझं लसीवर पडलं, आणि पुढची अनेक वर्षं कुठल्याही सरकारला हा विषय काढावासा वाटेना.

आता यातला आपल्या महाराष्ट्राचा भाग. त्याच काळात भारतात नऊ ठिकाणी एक वेगळा अभ्यास चालू होता, एचपीव्हीचे दोन डोस पुरतात का तीन लागतात हे बघायचा. त्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल होतं, पुण्यातलं केंद्र होतं, मुंबई होती. एप्रिल २०१० ला सरकारने लस देणं थांबवलं तेव्हा हा अभ्यासही मधेच थांबला आणि जवळपास पाच हजार मुलींना फक्त एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, दहा वर्षं त्यांच्या संपर्कात राहिले, तपासण्या करत राहिले. आणि २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला की लस ज्यांच्याविरुद्ध आहे त्यातल्या दोन मुख्य विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं, दोन-तीन डोसइतकंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं जे सांगितलं त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांपैकी हा एक. बार्शी परिसरातल्या खेड्यांतल्या मुली आणि त्यांच्या आयांनी वर्षानुवर्षं तपासणीला येऊन जगाला हे उत्तर मिळवून दिलं, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इकडे एनटागीच्या उपसमितीने २०१७ च्या डिसेंबरमध्ये शिफारस केली होती, विरोध झाला, पुढे सरकलं नाही. २०२२ मध्ये परत शिफारस, त्याच वर्षी जुलैमध्ये सीरमच्या सर्वाव्हॅक या एचपीव्ही लसीला परवानगी, आणि २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचा उल्लेख. हिशोब करा, २००८ मध्ये जी मुलगी १२ वर्षांची होती ती २०२४ मध्ये २८ ची झाली. जागतिक अंदाजानुसार भारतात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरच्या सव्वा लाखाहून जास्त नवीन केसेस आणि जवळपास ८० हजार मृत्यू. प्रायव्हेटमध्ये घेऊ शकणाऱ्या घरांतल्या मुलींना ही लस सगळा वेळ मिळत होती.

पोलिओचं इंजेक्शन इतकं थोडं का देतात? अर्धवट देतात का?

अर्धवट नाही, मुद्दाम ठरवून कमी. पूर्ण डोस अर्धा मिली असतो, आपल्याकडे ०.१ मिली त्वचेत देतात. २०१६ मध्ये जगभर या लसीचा तुटवडा पडला, तेव्हा एनटागीने सांगितलं की त्वचेत दिलेला छोटा डोस दोनदा दिला तर एका पूर्ण डोसपेक्षा चांगली प्रतिकारशक्ती येते, आणि तेवढीच लस अडीचपट मुलांना पुरते. सुरुवात आठ राज्यांत झाली आणि मग देशभर. जानेवारी २०२३ पासून नऊ महिन्याला तिसरा छोटा डोसही आहे. ही कमिटीच्या कामाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, तुटवड्यात रडत न बसता पुरावा बघून मार्ग काढला आणि तो टिकला. त्यामुळे नर्सताईंनी दंडावर बारीकसा फुगवटा येईल असं इंजेक्शन दिलं तर घाबरू नका.

कोविशिल्डचा गॅप सारखा सारखा का बदलला? तेव्हापासून कमिटीवर विश्वासच राहिला नाही.

जानेवारी २०२१ ला सुरुवात झाली तेव्हा २८ दिवसांनी दुसरा डोस. मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे झालं. १३ मे ला थेट १२ ते १६ आठवडे. तेव्हा दुसरी लाट चालू, केंद्रांवर पहाटेपासून रांगा, लस संपल्याचे बोर्ड, आणि लोकांना वाटलं की लस कमी आहे म्हणून गॅप वाढवला. सरकारचं म्हणणं होतं की ब्रिटनमधल्या माहितीवरून जास्त गॅपने संरक्षण वाढतं. त्यात ब्रिटनने त्याच मे महिन्यात डेल्टामुळे पन्नाशीपुढच्या लोकांचा गॅप १२ वरून ८ आठवड्यांवर आणला. पुढच्या महिन्यात एनटागीतल्या तीन सदस्यांनी रॉयटर्स या वृत्तसंस्थेला सांगितलं की १२ आठवड्यांच्या पुढे जायला पुरेसा डेटा नव्हता, तर कोविडच्या कार्यगटाचे अध्यक्ष डॉ. एन. के. अरोरा म्हणाले निर्णय एकमताने झाला. मार्च २०२२ मध्ये एनटागीने ८ ते १६ आठवडे असं केलं.

माझं मत विचाराल तर गॅप बदलणं ही चूक नव्हतीच, नवीन माहिती आली की सल्ला बदललाच पाहिजे. चूक ही की बैठकीत काय चर्चा झाली, कुठला डेटा समोर होता, कुणाचं वेगळं मत होतं हे लोकांसमोर त्याच आठवड्यात ठेवलं नाही, मग लोकांनी आपापले अर्थ काढले आणि त्यात गावोगावच्या नर्सताईंना शिव्या खाव्या लागल्या, ज्यांचा या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता.

प्रायव्हेटच्या चार्टमध्ये एवढ्या जास्तीच्या लशी का? कांजण्या, गालगुंड, कावीळ ए वगैरे?

कारण तो चार्ट वेगळ्या कमिटीचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची, म्हणजे आयएपीची, स्वतःची लस सल्लागार समिती आहे आणि ती समोर बसलेल्या एका मुलाचा विचार करते. एनटागी सगळ्या देशाचा आणि तिजोरीचा करते. म्हणून सरकारीत गोवर-रुबेला आहे आणि प्रायव्हेटमध्ये त्यात गालगुंड धरून एमएमआर. सरकारी लसीकरण घेतलेलं बाळ कमी सुरक्षित आहे असं अजिबात समजू नका, जीव घेणाऱ्या मुख्य आजारांच्या लशी सरकारी कार्डवर आहेत आणि त्या तितक्याच चांगल्या आहेत. जपानी मेंदूज्वराची लस मात्र ठराविक जिल्ह्यांतच मिळते, उदाहरणार्थ विदर्भातले काही जिल्हे, कारण आजार तिथे आहे.

राज्य किंवा महापालिका दिल्लीची वाट न बघता स्वतः लस देऊ शकते का?

देऊ शकते, आरोग्य हा राज्याचा विषय आहे. सिक्कीमने २०१८ मध्ये स्वतः एचपीव्ही लस मुलींना दिली. आणि आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने त्याच वर्षी टायफॉइडची नवीन कॉन्जुगेट (लहान बाळांमध्येही काम करणारी) लस ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना मोफत दिली, सरकारी पातळीवर अशी मोहीम जगात पहिलीच. त्यातून आलेली माहिती पुढे इतरांना उपयोगी पडली, आणि एनटागीकडून टायफॉइड लसीची शिफारस आली ती २०२२ मध्ये. पैसा आणि इच्छा असलेली महापालिका काय करू शकते ते यातून दिसतं. पण हेही खरं की पैसा नसलेल्या जिल्ह्यांना दिल्लीचीच वाट बघावी लागते.

कंपन्या कमिटीवर दबाव आणत नसतील कशावरून?

संशय घेणं चुकीचं नाही. नियम असा की सदस्यांनी आपले हितसंबंध आधी जाहीर करायचे आणि जिथे संबंध असेल त्या निर्णयातून बाजूला व्हायचं. अडचण अशी की लस या विषयातला चांगला तज्ज्ञ कुठल्या ना कुठल्या चाचणीत काम केलेला असतोच, त्यामुळे "कुणाशीच संबंध नसलेला तज्ज्ञ" मिळणं अवघड. मग उपाय एकच उरतो, सगळं उघड करणं. बैठकांचे मिनिट्स मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकले जातात, पण बऱ्याचदा उशिरा आणि त्रोटक. माहिती अधिकारात विचारता येतं, आणि लोकांनी विचारावं असं मला वाटतं, पत्रकारांनी तर नक्कीच.

आम्ही अमेरिकेत / इंग्लंडमध्ये राहतो. तिथे कसं असतं?

ब्रिटनमध्ये जेसीव्हीआय नावाची समिती १९६३ पासून आहे, आणि २००९ पासून इंग्लंडमध्ये तिने ठराविक अटींत शिफारस केली आणि ती खर्चाच्या हिशोबात बसली तर आरोग्यमंत्र्याला ती अंमलात आणावीच लागते. आपल्याकडे हे नाही, आणि असावं असं मला वाटतं.

अमेरिकेत एसीआयपी, १९६४ पासून. तिथे कमिटीच्या मतदानाला थेट पैसा जोडलेला आहे, तिने शिफारस केलेल्या लशींचा खर्च बहुतेक प्रायव्हेट इन्शुरन्सला द्यावा लागतो आणि गरीब मुलांना मोफत लस देणारा कार्यक्रमही तिच्याच यादीवर चालतो. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी सगळ्या १७ सदस्यांना एकदम काढलं आणि नवीन नेमले. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या कमिटीने जन्मतः कावीळ बी ची लस प्रत्येक बाळाला द्यायची शिफारस मागे घ्यायला मत दिलं, म्हणजे आईची कावीळ बी ची तपासणी निगेटिव्ह असेल तर आई-वडिलांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपलं वेगळं शेड्यूल ठेवलंय आणि काही राज्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या शिफारसी काढल्यात, त्यामुळे तुमच्या राज्याचं आणि तुमच्या इन्शुरन्सचं काय ते तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. भारतात जन्मतः कावीळ बी चा डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो आणि इथल्या कुणी नातेवाईकांनी अमेरिकेची बातमी फॉरवर्ड करून "तिकडे बंद झाली" सांगितलं म्हणून इकडे तो चुकवू नका, आपल्याकडे अजूनही कितीतरी आयांची ती तपासणीच झालेली नसते.

साथ आली तर शेड्यूल बदलतं का?

हो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली तेव्हा केंद्राने सांगितलं की जिथे गोवराच्या एकूण केसेसपैकी १० टक्क्यांहून जास्त नऊ महिन्यांखालच्या बाळांच्या आहेत तिथे सहा ते नऊ महिन्यांत एक जास्तीचा डोस द्या, आणि नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांनाही एक जादा. हा जास्तीचा डोस नेहमीच्या दोन डोसच्या ऐवजी नसतो, ते दोन घ्यायचेच.

मी चार पैसे साठवून प्रायव्हेटमधली कुठली लस आधी घ्यावी?

आधी सरकारी कार्ड पूर्ण करा, एकही रकाना रिकामा ठेवू नका. मग बाळाच्या डॉक्टरांना विचारा की तुमच्या भागात, तुमच्या घरात कशाचा धोका जास्त. आणि पूर्वी विकत घ्यावी लागणारी एखादी लस आता सरकारीत आली आहे का हे आशाताईंना एकदा विचाराच, कारण पीसीव्ही आणि रोटा फुकट मिळतात हे माहीत नसल्यामुळे आजही लोक त्यासाठी उसने पैसे काढताना मी बघते.